निर्णय सावलीत घ्यावा

समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, पाण्याबाहेर आल्याबरोबर ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकल जागेवर लावून २१.१ किलोमीटर धावायचे. सगळे मिळून ११३ किलोमीटर, मैलांत ७०.३, म्हणून या स्पर्धेच्या नावात तोच आकडा आला. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर 'आयर्नमॅन ७०.३' म्हणजेच हाफ आयर्नमॅन भारतात पहिल्यांदा झाली. तोवर या नावाच्या स्पर्धेसाठी सायकल खोक्यात भरून परदेशी जावे लागे. आता ती पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरच्या माणसापासून एका रात्रीच्या प्रवासावर आली. करोनाचा खंड सोडला तर पावसाळा सरला की ती गोव्यात भरते आणि डॉक्टर, पोलीस अधिकारी, आयटीतले नोकरदार, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले बायका-पुरुष तिथे पहिल्यांदाच या अंतराला हात घालतात. दुसऱ्या दिवशी गावोगावच्या वर्तमानपत्रांत पदकासह छायाचित्र येते आणि हे सगळे जिद्दीच्या जोरावर जमले, असे बातमी सांगते. नोकरी, घर सांभाळून महिनोन्‌महिने पहाटे उठणाऱ्या या माणसांबद्दल मनात आदरच आहे. पण बातमीचा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. जिद्द कामी येते ती तयारीच्या महिन्यांत. दमट उन्हातल्या शर्यतीच्या शेवटच्या दोन तासांत तिच्यावरच भिस्त ठेवली तर ती जिवावर बेतू शकते, कारण 'पुढे जायचे की थांबायचे' हे ज्या मेंदूने ठरवायचे, त्याच मेंदूवर उष्णतेचा अंमल बसलेला असतो. म्हणून उन्हातल्या पहिल्या हाफ आयर्नमॅनचे महत्त्वाचे निर्णय आधी, डोके थंड असताना, आकड्यांत ठरवून ठेवले पाहिजेत. आणि हे जितके स्पर्धकाला लागू आहे तितकेच संयोजकालाही.

आधी उष्णता येते कुठून ते पाहू. ती मुख्यतः सूर्याकडून येते असा समज आहे. प्रत्यक्षात धावणाऱ्याच्या अंगातली बरीचशी उष्णता त्याच्याच स्नायूंनी तयार केलेली असते. स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग हालचालीच्या कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. ७० किलो वजनाचा माणूस ताशी १० किलोमीटर वेगाने धावला तर तासाला साधारण ७०० किलोकॅलरी खर्च करतो; त्यातल्या सव्वापाचशेच्या वर उष्णतेच्या रूपात अंगात उतरतात. शरीराला ही उष्णता बाहेर टाकताच आली नाही, असे घटकाभर समजू. ७० किलोच्या देहाचे तापमान एका अंशाने वाढायला ६० किलोकॅलरींहून थोड्या कमीच पुरतात. म्हणजे सहा-सात मिनिटांना एक अंश, आणि अर्ध्या तासाच्या आत माणूस जीवघेण्या तापमानाला पोहोचेल. तसे होत नाही याचे श्रेय घामाला. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. पण अट 'वाळला तर' ही आहे. कोपरावरून ठिबकून रस्त्यावर पडलेला घाम काहीच थंडावा देत नाही. तो फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. नागपूरच्या मे महिन्यात माठातले पाणी दाताला कळ लावते आणि कोकणात तोच माठ नुसता ओला राहतो, यामागे जे कारण आहे तेच इथे माणसाच्या कातडीला लागू होते. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम निघतो, वाळत नाही. विदर्भातल्या ४२ अंशांपेक्षा गोव्यातले ३२ अंश धावणाऱ्याला कधी कधी जड जातात, ते यामुळे.

एरवीच्या मॅरेथॉनपेक्षा ट्रायथलॉन, म्हणजे पोहणे-सायकल-धावणे अशी ही शर्यत, या बाबतीत अधिक फसवी आहे, आणि ती तिच्या क्रमामुळे. पोहताना तहान लागत नाही, घाम कळत नाही. पण ऑक्टोबरमधल्या अरबी समुद्राचे पाणी इतके कोमट असते की जोर लावून पोहणाऱ्याला त्यात फारसा थंडावा मिळत नाही. कोमट पाणी जीव घेऊ शकते हे जगाला २३ ऑक्टोबर २०१० रोजी कळले. संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथे १० किलोमीटरच्या शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा निष्णात अमेरिकन जलतरणपटू मरण पावला. त्यानंतरच खुल्या पाण्यातल्या शर्यतींसाठी ३१ अंश ही वरची मर्यादा ठरली. सायकलवर दुसरी फसगत होते. ताशी २५–३० किलोमीटर वेगाने जाताना समोरून सतत वारा लागतो, घाम लगेच वाळतो, जर्सी कोरडी राहते. नवख्याला वाटते, आज ऊन फारसे नाही. तो ठरवल्यापेक्षा जोरात पायडल मारतो. मग सायकल ठेवून तो धावायला निघतो आणि तो वारा नाहीसा होतो. वेग ताशी आठ-नऊ किलोमीटरवर आलेला, पायात तीन-साडेतीन तासांचा शीण, अंगातले पाणी कमी झालेले आणि सूर्य माथ्यावर. तोवर लपून राहिलेली उष्णता पहिल्या दोन किलोमीटरांत एकदम समोर येते.

या क्रमात नवख्याचे नुकसान विजेत्याहून जास्त होते, कारण दोघे एकाच रस्त्यावर धावत असले तरी एकाच हवेत धावत नाहीत. २०१९च्या गोव्यातल्या स्पर्धेत भारतीय लष्कराचा बिश्वोर्जित सैखोम सुमारे ४ तास ४२ मिनिटांत पहिला आला. आता पहिल्यांदाच उतरलेल्या, बऱ्यापैकी तयारी असलेल्या एखाद्या स्पर्धकाचा हिशेब मांडू: पोहायला ५५ मिनिटे, कपडे-बूट बदलून सायकलपर्यंत जायला ८, सायकल ताशी २५च्या वेगाने ३ तास ३६ मिनिटे, पुन्हा बदलाबदलीला ७. हे होतात ४ तास ४६ मिनिटे. म्हणजे विजेता शेवटची रेषा ओलांडून सावलीत बसतो, त्या सुमाराला हा आपल्या २१ किलोमीटरांतले पहिले पाऊल टाकतो. विजेता सकाळ धावला. हा दुपार धावणार आहे. तरीही बाजारात मिळणारे बहुतेक सल्ले, खाण्यापिण्याची कोष्टके, वेगाची गणिते विजेत्यांच्या अनुभवातून उतरलेली असतात. मॅरेथॉनच्या निकालांचा हवामानाशी मेळ घालणारा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. हवा तापत गेली की सगळेच मंदावतात. पण जे मुळात मंद धावतात त्यांची घसरण वेगवानांपेक्षा जास्त असते, हे त्यात स्पष्ट दिसले. त्यामुळे थंड हवेत काढलेल्या वेळेत उन्हासाठी म्हणून दोन-चार मिनिटे मिळवून लक्ष्य ठरवायची पद्धत नवख्याच्या कामाची नाही.

हवा किती वाईट आहे हे कळायला मोबाइलवर दिसणारे तापमान पुरत नाही. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात पॅरिस आयलंड इथे मरीन सैनिकांचे प्रशिक्षण चाले आणि उन्हाळ्यात तरणीबांड मुले कवायतीत कोसळत. त्यांच्यासाठी १९५०च्या दशकात एक निर्देशांक तयार झाला, तो डब्ल्यूबीजीटी या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्यात ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापीला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापीला २० टक्के आणि सावलीतल्या साध्या तापमापीला अवघे १० टक्के वजन असते. म्हणजे आपण रोज बातम्यांत ऐकतो त्या आकड्याचा वाटा त्यात दहावा. समजा दुपारी सावलीत ३२ अंश, ओल्या तापमापीवर २७ आणि काळ्या गोळ्यात ४५ आहे. हिशेब ३१.१वर जातो. ट्रायथलॉनच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शनात ३२.२च्या वरची हवा शर्यतीला अयोग्य मानली आहे. नुसता ३२ अंश ऐकून ज्याला काही वाटले नसते तो माणूस प्रत्यक्षात त्या रेषेपासून एका अंशावर धावत असतो. साध्या तापमापीवर विसंबण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात भर उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर सरकारी आकड्यांप्रमाणे १४ जण दगावले. तिथे कोणी धावत नव्हते, माणसे बसलेली होती. आणि त्या दिवशीचे तापमान चाळिशीच्या आत होते. आपला हवामान विभाग किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३७ अंश आणि मैदानी भागासाठी ४० धरतो, त्यामागे दमटपणाचाच विचार आहे. पण तो विचार मैदानात मांडव घालायचा की नाही, कार्यक्रम किती वाजता संपवायचा, या निर्णयांपर्यंत पोहोचत नाही.

आता मेंदूकडे येऊ, कारण सगळा युक्तिवाद तिथे उभा आहे. परिश्रमाने येणाऱ्या उष्माघाताच्या व्याख्येतच दोन गोष्टी आहेत: शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदूच्या कामात बिघाड. असंबद्ध बोलणे, चिडणे, झोकांड्या जाणे, दिशा न कळणे ही त्याची सुरुवात असते. ज्याला हे होते त्याला ते होत आहे हे बहुधा कळत नाही. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची पहिली मॅरेथॉन झाली, तेव्हा स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस वाकड्या अंगाने स्टेडियममध्ये शिरली. शेवटचे ४०० मीटर चालायला तिला पावणेसहा मिनिटे लागली, आणि मदतीला आलेल्या डॉक्टरांना ती टाळत राहिली. कोणी हात लावला तर आपण बाद होऊ हे एवढेच तिला पक्के ठाऊक होते. सुदैवाने ती लवकर सावरली. सप्टेंबर २०१६मध्ये मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर जॉनी ब्राउनली हा ऑलिंपिक पदकविजेता जागतिक मालिकेची शेवटची शर्यत जिंकत आला होता. काही शे मीटर उरले असताना त्याचे पाय वळेनासे झाले. मागून आलेल्या ॲलिस्टर या भावाने त्याला खांद्याला धरून रेषेपलीकडे नेले. लहानपणापासून या खेळात वाढलेला, पदरी उत्तम प्रशिक्षक असलेला माणूस. त्याने वेग थोडा कमी केला असता तरी शर्यत कदाचित हाती राहिली असती, पण तो निर्णय घेणारे यंत्रच तोवर बिघडले होते. जे ब्राउनलीला साधले नाही ते पहिल्यांदा उतरलेल्या माणसाला ऐन दुपारी अंदाजाने साधेल, असे धरून चालणे बरोबर नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. शरीर इतके दुबळे नाही. तापायला लागले की मेंदूच आपोआप वेग कमी करतो, पाय जड करतो, 'पुरे' म्हणायला लावतो. हे खरे आहे आणि चांगल्या प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. बहुसंख्य स्पर्धक उन्हात कोसळत नाहीत, नुसते मंदावतात, ते या लगामामुळेच. पण हा लगाम सोडवता येतो. २००५ साली एका प्रयोगात नऊ सायकलपटूंना नैराश्यावरचे एक नेहमीचे औषध देऊन ३० अंशांच्या खोलीत सायकल चालवायला लावली. मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरॲड्रिनालिन या रसायनांवर त्या औषधाचा परिणाम होतो. औषध घेतल्यावर त्यांनी ठरलेले काम सुमारे ९ टक्के लवकर संपवले. बहुतेकांचे आतले तापमान ४० अंशांवर गेले. आणि तरीही आपल्याला जास्त गरम होते आहे असे त्यांना वाटले नाही. १८ अंशांच्या खोलीत मात्र औषधाने काहीच फरक पडला नाही. म्हणजे उन्हात शरीराची ताकद संपण्याआधी मेंदू ब्रेक लावतो, आणि तो ब्रेक काढला तर माणूस न कळत धोक्याच्या पलीकडे जातो. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्समध्ये मों व्हाँतूच्या उघड्या चढावर टॉम सिम्पसन मरण पावला तो असाच: कडक ऊन, पोटात अ‍ॅम्फेटामिन आणि मद्य. हौशी स्पर्धक अशी औषधे घेत नाही, हे मान्य. पण घरून आलेली माणसे, सोशल मीडियावर आधीच केलेली घोषणा, खर्च झालेले लाखभर रुपये, कडेला उभे राहून ओरडणारी गर्दी ही सगळीही त्याच ब्रेकवरचा पाय काढायला लावतात. पुदिन्याच्या अर्काने चूळ भरली की गार वाटते, आतले तापमान तसेच राहते. वेदनाशामक गोळी दुखणे झाकते आणि पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडावर भार टाकते. जिद्दही नेमके हेच करते. ती इशारा ऐकू येऊ देत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडे हमखास ऐकू येतो: उन्हाची काळजी गोऱ्यांनी करावी, आपण इथलेच. उन्हाची सवय होते हे शास्त्रानेही मान्य केले आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या खोल सोन्याच्या खाणींत १९२०च्या दशकात उष्माघाताने मजूर मरू लागले, तेव्हा नव्या मजुराला टप्प्याटप्प्याने उष्णतेत कामाला लावायची पद्धत बसवली गेली. या विषयातले बरेच ज्ञान त्या काळ्या मजुरांच्या शरीरांवर उभे आहे, हे विसरता कामा नये. रोज तास-दीड तास उष्णतेत श्रम केले तर चार-पाच दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, नाडी खाली येते. दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातले मीठ कमी होते. पण ही सवय जन्माने मिळत नाही आणि टिकतही नाही; उष्णता सुटली की दिवसाला दोन-अडीच टक्क्यांनी ती ओसरते. भरदुपारी वीटभट्टीवर किंवा भातखाचरात राबणाऱ्याला ती असते. वातानुकूलित कचेरीत दिवस काढून पहाटे पाचला धावणाऱ्याला नसते, मग तो सोलापूरचा का असेना. त्यात गोव्याच्या स्पर्धेचा मुहूर्त अडचणीचा आहे. तयारीचे शेवटचे चार महिने म्हणजे जून ते सप्टेंबर. पुण्यात आभाळ भरलेले, पारा पंचवीस-सव्वीसवर, सायकल बहुतेक वेळा घरातल्या ट्रेनरवर आणि समोर पंखा. मे महिन्यात कमावलेली सवय तोवर पार गेलेली असते आणि ऑक्टोबर हीटमध्ये एकदम समुद्रकाठी उतरायचे असते. उपाय आहे, पण तो तारखा घालून करावा लागतो. शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत दुपारची, कमी जोराची सत्रे ठेवावीत. ते जमत नसेल तर व्यायामानंतर लगेच गरम पाण्यात बसावे. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातल्या संशोधकांनी हलक्या व्यायामानंतर ४० अंशांच्या पाण्यात ४० मिनिटांपर्यंत, सलग सहा दिवस बसवून चांगला परिणाम मिळवला. हे घरी एकट्याने करू नये, उठताना चक्कर येते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.

पाण्याबद्दल तर इतके बोलले जाते की उन्हावरचा सगळा उपाय म्हणजे पाणी, असेच लोकांना वाटते. घामाने झालेली तूट भरून काढायला हवी यात वाद नाही. पण पाणी पिऊन उष्णता बाहेर जात नाही, ती घाम वाळल्यावरच जाते. भरपूर पाणी प्यालेल्या माणसालाही उष्माघात होतो. शिवाय उलट बाजूचा धोका आहे आणि तो पुन्हा हळू धावणाऱ्यालाच अधिक आहे. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम घसरलेले निघाले. धावताना ज्यांचे वजन कमी होण्याऐवजी वाढले होते आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होते. ते पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून गरजेपेक्षा जास्त प्याले होते. सोडियम फार घसरले तर मेंदूला सूज येते. लक्षणे उष्माघातासारखीच दिसतात आणि त्या माणसाला आणखी पाणी पाजले तर तो दगावू शकतो. हा निर्णयही आधी करता येतो. शर्यतीसारख्या उन्हात तासभर व्यायाम करून आधीचे आणि नंतरचे वजन पाहिले की घामाचा वेग कळतो. त्याहून कमीच प्यायचे, जास्त कधीच नाही. वजनात दोन-तीन टक्के घट चालते. सोबत मीठ हवे. साधे ओआरएस बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंकपेक्षा कितीतरी जास्त सोडियम देते, हे आपल्याकडच्या स्पर्धकांना अजून पुरेसे माहीत नाही. आणि टेबलावरच्या बर्फाचा खरा उपयोग पिण्यापेक्षा टोपीत, मानेवर, जर्सीच्या आत ठेवण्यात आहे.

इतके सावध राहिलो तर कट-ऑफच चुकेल, ही भीती खरी आहे. ती आकड्यांनी तपासून पाहावी. एकूण मुदत साडेआठ तासांची असते. वरच्या हिशेबातला स्पर्धक ४ तास ४६ मिनिटांनी धावायला निघाला. त्याने २१.१ किलोमीटर किलोमीटरला आठ मिनिटे या वेगाने काढले, म्हणजे धावणे-चालणे मिसळून, तर २ तास ४९ मिनिटे लागतात. एकूण ७ तास ३५ मिनिटे. हातात ५५ मिनिटे उरली. ती कशावर खर्च करायची हे आधी लिहून ठेवता येते. सायकलवर थंड दिवशीपेक्षा कमी जोर. धावताना नाडीची एक वरची मर्यादा, ती ओलांडली की चालायचे, मग समोरचा कोणीही पुढे जावो. पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी चालणे सक्तीचे. पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हळू. घाम येत असताना अंगावर शहारा आला, घड्याळावरचा साधा आकडा समजेना, सरळ चालता येईना, की थांबायचे. यात आणखी एक नियम घालावा लागेल, तो आपल्या ऋतूमुळे. ऑक्टोबर म्हणजे डेंग्यूचा आणि व्हायरल तापांचा काळ. आदल्या आठवड्यात ताप किंवा जुलाब झालेले शरीर उष्णता नीट हाताळू शकत नाही, उष्माघाताच्या नोंदींमध्ये हे कारण वारंवार येते. तेव्हा ताप आला तर उतरायचे नाही. हे शर्यतीच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत ठरवायचे नसते, कारण तेव्हा सायकल जागेवर लागलेली असते आणि 'आता बरे वाटते' असे मन सांगत असते. ते फी भरली त्या दिवशी ठरवावे आणि घरात कोणाला तरी सांगून ठेवावे.

मग या खेळाचे सत्त्वच काय उरले, असे विचारणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपण किती सोसू शकतो हे पाहायलाच माणूस इथे येतो. सगळे आधीच आखून घेतले तर ती शर्यत कसली? पण सोसण्याचेही दोन प्रकार आहेत. पायाचे दुखणे, कंटाळा, शेवटच्या सात किलोमीटरांतला एकटेपणा, आपल्यापेक्षा वयाने मोठ्यांना पुढे जाताना पाहणे, हे सोसल्याने माणूस खरोखर काही कमावतो. आतले तापमान ४१ अंशांवर नेणे हे त्या प्रकारचे सोसणे नाही; तिथे सोसणारा जागेवरच नसतो. शिवाय नाडी वाढली म्हणून, अंगात रग असताना, टाळ्यांच्या गजरात चालायला लागणे सोपे नाही. वेग कमी करायला जितका संयम लागतो तितका वाढवायला लागत नाही. आखणी पाळणे हीच इथली कसोटी आहे. दुसरे म्हणणे असे की ट्रायथलॉनमध्ये उष्माघाताने मृत्यू विरळच होतात. तेही बरोबर. अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या १३५ मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झाला, त्यांतल्या दोन तृतीयांश पोहतानाच्या होत्या. हृदयाची तपासणी आणि खुल्या पाण्याचा सराव यांना म्हणूनच पर्याय नाही. मात्र उष्माघात या यादीत वेगळा आहे: तो वेळेत ओळखला आणि लगेच थंड केला तर त्यातून माणूस जवळजवळ नक्की वाचतो. टाळता येणारा मृत्यू संख्येने एक असला तरी जास्तच.

आणि इथे प्रश्न स्पर्धकाच्या हातून संयोजकाच्या हातात जातो. आधी ठरवलेला निर्णय म्हणजे काय, हे ऑगस्ट २०१९मध्ये टोकियोत दिसले. ऑलिंपिकच्या मूळ तारखांच्या वर्षभर आधी त्याच मार्गावर चाचणी शर्यत होती. सकाळी मोजलेली उष्णता मर्यादेपलीकडे जाणार असे दिसताच स्त्रियांची १० किलोमीटरची धाव ५ किलोमीटरवर आणली गेली. ऐनवेळी धाडस लागले नाही, कारण नियम लिहिलेला होता. आपल्याकडे आता दर मोसमात लहान-मोठ्या ट्रायथलॉन आणि मॅरेथॉन भरतात. त्यांपैकी प्रत्येकाच्या माहितीपत्रकात तीन गोष्टी छापलेल्या असायला हव्यात: डब्ल्यूबीजीटी कोणत्या आकड्याला गेला की अंतर कमी होईल, कोणत्या आकड्याला शर्यत थांबेल, आणि बर्फाच्या पाण्याचे टब मार्गावर कुठे असतील. टबची मागणी चैनीची नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर फॅल्मथ इथे दर ऑगस्टमध्ये ११ किलोमीटरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदले गेले आणि २७४ही वाचले, कारण प्रत्येकाला जागेवरच थंड पाण्यात बुडवले गेले. आपल्याकडे कोसळलेल्या माणसाच्या तोंडावर पाणी मारतात, सलाइन लावतात आणि रुग्णवाहिकेत घालून रुग्णालयाकडे पळवतात. रस्त्यात जाणारी वीस-पंचवीस मिनिटे हीच मेंदू आणि यकृत वाचवण्याची असतात. काखेतली किंवा कपाळावरची तापमापी अशा वेळी खोटे सांगते, तापमान गुदद्वारातूनच घ्यावे लागते. ते करणारा डॉक्टर, त्यासाठी आडोसा, दीडशे-दोनशे लिटरचा टब, बर्फाच्या लाद्या आणि पाणी ढवळत राहणारे दोन स्वयंसेवक, एवढ्यावर काम भागते. कोकणात मासळीच्या प्रत्येक बंदरावर बर्फ मिळतो. मानेपर्यंत बुडवलेल्या माणसाचे तापमान पाच-सहा मिनिटांना एका अंशाने उतरते. ते ३९च्या खाली आले की त्याला बाहेर काढायचे, पुसून कोरडे करायचे आणि मगच रुग्णवाहिकेतून रुग्णालयात न्यायचे.